पावकीशेठ

सोसायटीत चेअरमन भाषण करतो, सेक्रेटरी सह्या करतो आणि खजिनदार क्लबहाऊसचा एसी किती वाजता लागला ते बघतो. आमच्या नेरूळच्या सोसायटीचे खजिनदार पावकीशेठ यांनी या बघण्याला तपश्चर्येचं रूप दिलं आहे.

पावकीशेठ हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव मेन्टेनन्सच्या पावतीवर असतं आणि ती पावती कोणी वाचत नाही. वाशीच्या एपीएमसीत, दाणा मार्केटमधल्या एका कच्छी पेढीवर हा मराठी माणूस मेहताजी होता. बाजार मशीद बंदरला होता तेव्हापासून, ते मालकाच्या नातवाने पेढी कॉम्प्युटरवर चढवेपर्यंत. ‘तेवीस पाव’ एवढं म्हटलं की समोरून ‘पावणेसहा’ यायचं, म्हणून हमाल त्यांना पावकी म्हणू लागले. पुढचं शेठ आपोआप लागलं. नवी मुंबईत रिक्षावाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळेच शेठ.

शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं स्वतःसाठी, लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी. भाजीवाल्याने हिशेब केला की ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि मग तोच हिशेब उलट्या बाजूने करून बघतात. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढून टाकता येतो का, असं त्यांनी एकदा नातवाला विचारलं होतं. येत नाही म्हटल्यावर तो भाग त्यांनी बोटाने झाकून मोबाइल वापरायला सुरुवात केली.

तर या क्लबहाऊसमध्ये रविवारी दुपारी आम्ही काहीजण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. एकजण गोष्ट रचतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं, थोडक्यात डीएम. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार, मी चोर. प्रत्येकाच्या हातात आपापल्या पात्राचं प्रगतिपुस्तक असतं: ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती. ‘मी भिंतीवरून उडी मारतो’ असं तोंडाने म्हणायचं आणि उडी जमली की पाय मोडला ते फाशाने सांगायचं. फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. आमचा डीएम खारघरला वाढलेला, ऐरोलीत आयटीत नोकरीला. जादूगारीण सीएची परीक्षा देते आहे. आणि तलवारवाला घणसोली गावातला, त्याला आम्ही घणसोलीकर म्हणतो.

शेठ आले ते भांडायला. ‘सोळावर लावलाय,’ दारातूनच आवाज आला. ‘माणसं चार, एसी दीड टनाचा, डिग्री सोळा.’ नेमका त्याच क्षणी आमच्या जादूगारिणीने गुहेत आगीचा गोळा फेकला होता. आगीचा गोळा म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे. ते काचेच्या टेबलावर अजून गरगरत होते आणि ती बेरजेसाठी मोबाइल उघडत होती.

‘अठ्ठावीस,’ शेठ म्हणाले.

फासे थांबले. बेरीज सत्तावीस.

‘एक कमी आला,’ शेठ शांतपणे म्हणाले. ‘एवढी घट धरायची असते.’

मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते इतकं साधं होतं की राग यावा. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन. साडेतीन म्हणजे औट. आठ फासे म्हणजे आठ औट अठ्ठावीस. जादूगारीण अबॅकसच्या क्लासला गेलेली, पुढे वैदिक गणित केलेली, आता सीएच्या उंबरठ्यावर. तिने औटकी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

तिची चूक नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या घोकले गेले ते काही मेंदूच्या व्यायामासाठी नव्हे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर आणि वीस मणांची खंडी. अशा संसारात पाव आणि पाऊण आल्याशिवाय मीठसुद्धा घेता येत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले आणि या पाढ्यांचं पोटपाणीच बंद झालं. त्यातल्या त्यात औटकीचे हाल कुत्रं खाईना. मराठी माणसाला साडेतीन मुहूर्त आहेत, साडेतीन शक्तिपीठं आहेत, साडेतीन शहाणे होऊन गेले. पण त्यांना गुणत कोण बसतो? इकडे हे होत असताना तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाजारात आला आणि जगभरची पोरं सहा बाजूंचे फासे मूठमूठ फेकू लागली. प्रत्येक मुठीत औटकी होती. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच, म्हणजे अडीचकीचीही सोय झाली. फक्त हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं आणि पावकीशेठना त्या पोरांची खबर नव्हती.

एसी चोवीसवर आणून शेठ बसले ते बसलेच. पहिला तासभर नुसते फासे हाताळत होते. ‘वीसवाल्याची सरासरी साडेदहा,’ ते म्हणाले, ‘आणि सहावाले तीन घेतले तरी तीन औट साडेदहाच. पण स्वभाव बघा. वीसवाल्यावर वीस यायला विसात एक संधी. तिघांवर मिळून अठरा यायला दोनशे सोळात एक. हा वीसवाला शेअरबाजारातला जावई आणि हे तिघं म्हणजे सरकारी नोकरीतला.’ दोन वीसवाले फेकून मोठा आकडा ठेवायची मुभा या खेळात कधीकधी मिळते. तेव्हा वीस पडण्याची शक्यता पावणेदहा टक्के, हेही त्यांनी चहा येईपर्यंत काढून ठेवलं. डीएम चार वर्षं खेळ चालवत होता. तो ‘जास्त असते’ एवढंच सांगायचा.

त्यांना पात्र द्यायचं ठरलं तेव्हा एकच प्रगतिपुस्तक शिल्लक होतं. पुण्याला बदली झालेल्या एका मित्राचा रानटी योद्धा. ताकद अठरा, बुद्धी सहा. शेठनी त्याचं नाव खंडू ठेवलं आणि लाल पेन काढलं.

पहिला आक्षेप कौशल्यांच्या यादीवर. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्रांना अठरा कौशल्यं आहेत. शेठनी ती एकेक करून वाचली. ‘फसवणूक आहे. दमदाटी आहे. हातचलाखी आहे. लपूनछपून वावरणं आहे. जनावरं हाकणं आहे. हिशेब नाही.’ थोडा विचार करून म्हणाले, ‘ही तर आपली मॅनेजिंग कमिटी झाली.’

दुसरा आक्षेप कुऱ्हाडीवर. खंडूजवळ मोठी कुऱ्हाड होती. तिचा घाव बारा बाजूंच्या एका फाशाने मोजतात. दुकानात मोठी तलवारही मिळते, तिला सहा बाजूंचे दोन. ‘बारावाल्याची सरासरी साडेसहा. दोन औट सात. दर फटक्याला अर्ध्याचा तोटा. कुऱ्हाड बदलून द्या.’

डीएमने इथे पहिल्यांदा आवाज चढवला. ‘काका, हे तुम्हाला कळतं. खंडूला कळत नाही. खंडूची बुद्धी सहा आहे. त्याला सरासरी म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला कुऱ्हाड आवडते.’

‘तोटा कोणाला आवडतो?’

‘खंडूला तो तोटा आहे हेच ठाऊक नाही.’

शेठ गप्प झाले. हा मुद्दा त्यांच्या खरोखर जिव्हारी लागला. जगभर या खेळाच्या टेबलांवर हे भांडण चालतं: पात्राला येत नसलेली गोष्ट खेळणाऱ्याला येत असेल तर करायचं काय? एरवी ते सहज मिटतं. मी आयुष्यात कुलूप फोडलेलं नाही, माझा चोर फोडतो. जादूगारिणीला प्रत्यक्षात साधी काडी एका ओढीत पेटवता येत नाही. उलट दिशेनेही फारशी अडचण नसते. आमचा घणसोलीकर तालमीतला, पण त्याने एकदा लुळा भिक्षुक असा काही वठवला की बघत राहावं. पावकीशेठही पुढे भित्रे झाले, लबाड झाले, एकदा तर दरीत पडून मेलेसुद्धा आणि मेलेला माणूस त्यांनी चोख वठवला, कोणी चहा विचारला तरी बोलले नाहीत. पण गणित न येणारा माणूस होणं त्यांना जमेना. समोर दोन आकडे पडले की त्यांची बेरीज होऊनच जाते. ती न करण्यासाठी कुठला स्नायू आवळायचा असतो ते त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. ‘बारा अधिक सात किती, खंडूला माहीत नाही’ असं म्हणताना त्यांचा चेहरा भर मांडवात खोटी शपथ घेणाऱ्याचा व्हायचा. आणि ओठ हलायचे. एकोणीस.

मग पुढच्या वेळी ते एक कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत चिंचोके.

‘खंडू अडाणी आहे, मान्य,’ ते म्हणाले. ‘पण गुराखी आहे. गुरं सोडताना दर गुरामागे एक चिंचोका बाजूला, आणताना एकेक परत. याला शाळा लागत नाही.’ आगीच्या गोळ्याची वेळ आली तशा त्यांनी टेबलावर आठ ओळी मांडल्या. प्रत्येक ओळीत तीन चिंचोके आणि एक फोडलेला अर्धा. घरून फोडून आणले होते, टोकं कानशीने घासलेली. दोन अर्धे जवळ सरकवले की एक. मग विसांचा एक ढीग केला. ‘एक इसा आणि वर आठ,’ खंडू म्हणाला. ‘हे गणित नाही. हे चिंचोके आहेत.’

घणसोलीकराने टाळी दिली. त्याची आजी अजून पैसे विसांवरच मोजते, दोन इसा, तीन इसा, नि बँकेतला कॅशियर चुकला तर त्याला काउंटरबाहेर बोलावते. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून बारापर्यंत जाणं, दुसऱ्या हाताच्या बोटांवर बारांचे गठ्ठे ठेवून साठ गाठणं, हेही खंडूला हळूहळू ‘येऊ’ लागलं. डीएमने एकदा सूड म्हणून राक्षसांना नवी मोजणी दिली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसला ‘वीस दोन’ म्हणायची सोय केली होती आणि महाराष्ट्रात विधानसभेपर्यंत रणकंदन झालं होतं, ते त्याला आठवलं. राक्षस ‘सत्तर तीन सैनिक’ म्हणाले. शेठनी क्षणाचाही विलंब न लावता त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर सैनिकांवर हल्ला जाहीर केला. खंडूचं राक्षसांशी वैर नव्हतं. ते शेठचं होतं.

तरी डीएमचं म्हणणं कायम: मोजणं हा काही पराक्रम नाही, म्हणून नियमात ते कौशल्य नाही. यावर शेठनी महाभारत काढलं. माझ्या मते या वादावर एवढा चपखल दाखला जगाच्या पाठीवर दुसरा नसावा.

वनपर्वातली नळाची गोष्ट. नळ द्यूतात राज्य हरतो आणि बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे नोकरी धरतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी आल्यावर दोघं रथातून विदर्भाकडे, म्हणजे आपल्याकडेच, निघतात. बाहुकाच्या घोड्यांचा वेग बघून राजा चाट पडतो आणि आपलीही विद्या दाखवतो. वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि दोन हजार पंच्याण्णव फळं. बाहुक रथ थांबवतो, झाड तोडतो, फळं मोजतो. हिशेब बरोबर. मग सौदा होतो. राजाने फाशांची विद्या द्यायची, सारथ्याने घोड्यांची. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरत, हे ध्यानात घेतलं की राजाने मोजायला नेमकं तेच झाड का निवडलं ते कळतं.

‘कौशल्य आहे की नाही?’ शेठनी विचारलं. ‘दिलंघेतलं जातं, म्हणजे आहे. पण मला ऋतुपर्णाचं फार कौतुक नाही. मला नळ आवडतो. मालकाने आकडा सांगितला, तर मान नाही डोलावली. झाड पाडलं, मोजलं. याला ऑडिट म्हणतात.’ मग जरा थांबून, ‘पाच कोटी पानांचं मात्र त्याने तोंडावर घेतलं. ते चुकलं.’

डीएमने त्या दिवशी खंडूला एकोणिसावं कौशल्य लिहून दिलं: हिशेब. शेठनी त्याची रीतसर सही घेतली.

त्यानंतर खेळ पूर्वीसारखा राहिला नाही. ड्रॅगन मारल्यावर आम्ही पूर्वी ‘दहा हजार सोन्याची नाणी’ असं ऐकून आरोळी ठोकायचो. आता शेठ विचारू लागले, वजन किती? पुस्तकात आहे, पन्नास नाण्यांचा एक पौंड. म्हणजे दोनशे पौंड, नव्वद किलो, जुन्या मापात अडीच मणाला थोडं कमी. ‘वाहणार कोण?’ वाहणार खंडू, कारण ताकद अठरा. तेव्हा वाटणीआधी खंडूची हमाली वजा, तोलाई वजा, वाराई वजा. ड्रॅगनच्या गुहेतून बाहेर पडताना आम्हाला बिल मिळालं, कार्बन कॉपीसह.

बुटक्या सोनाराशी रत्नांचा सौदा करायचा होता तेव्हा डीएमने फासा उचलला, ‘मन वळवणं’ या कौशल्यासाठी. शेठनी त्याचा हात धरला आणि खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे असे रुमालाखाली होताना अनेकांनी पाहिले असतील. तोंडाने वाटेल ते बोलायचं, भाव बोटांनी ठरतो. जितकी बोटं दाबली तितका आकडा. तो दहांचा की शेकड्यांचा, ते माल बघून दोघांना ठाऊकच असतं. डीएमला काहीच ठाऊक नव्हतं. शेठ वर एसीकडे बघत ‘यंदा पाऊस लवकर दिसतोय’ म्हणत होते आणि टॉवेल खाली हलत होता. मिनिटभराने डीएमचा हात बाहेर आला तेव्हा सोनाराने रत्नं तर विकत घेतली होतीच, वर पोचवायचा खर्चही अंगावर घेतला होता. ‘मी हो कधी म्हणालो?’ असं तो दोनदा म्हणाला.

मग आला राजाचा प्रसंग. डीएमने मोठ्या मेहनतीने कथानक रचलं होतं. दुष्ट राजाला नवं बंदर-शहर वसवायचं आहे, त्यासाठी तो किनाऱ्यावरच्या गावाची आठशे बिघे जमीन घेतो आणि लोकांच्या हातावर चिल्लर ठेवतो. नायकांनी बंड करावं, राजवाड्यावर चाल करून जावं, अशी त्याची योजना. खारघरच्या सेक्टरमध्ये वाढलेल्या त्या बिचाऱ्याला वाटलं की हे त्याने कल्पनेतून रचलं आहे.

घणसोलीकराने तलवार टेबलावर ठेवली. ‘किती टक्के देतोय राजा?’

‘टक्के?’

‘साडेबारा पायजे.’

त्याचा आजा १९८४ साली जासईच्या आंदोलनात होता. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायच्या ठरल्या आणि १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे सूत्र त्या लढ्यातून आलं. नवी मुंबईच्या गावठाणांत साडेबारा हा आकडा शाळेत शिकवावा लागत नाही. आमच्या हसण्याखिदळण्याच्या टेबलावर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग शेठनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि घणसोलीकराच्या बाजूला खुर्ची ओढली.

‘आठशेचे साडेबारा टक्के शंभर बिघे. पण तोंडी घेऊ नका. सामाजिक सुविधा म्हणून पावणेचार कापतात. तीस बिघे गेले. हातात पावणेनऊ, म्हणजे सत्तर. आणि ते कुठे देणार? खाडीत नको.’

‘रस्त्याला लागून,’ घणसोलीकर म्हणाला.

‘एफएसआय?’

संपूर्ण रविवार राजवाड्याच्या दालनात गेला. एक तलवार उपसली नाही. राजाच्या प्रधानाचं काम करणारा डीएम घामाघूम झाला, कारण प्रत्येक सवलतीला पोटकलम आणि प्रत्येक पोटकलमाला शेठचं लाल पेन. शेवटी प्रधानाने साडेबावीसवर सही केली. ‘विमानतळाचा दर,’ असं शेठ म्हणाले आणि विमान म्हणजे काय ते या जगात कोणाला ठाऊक नाही, हा डीएमचा आक्षेप वीस विरुद्ध एक अशा आवाजाने फेटाळला गेला. वीस आवाज घणसोलीकराचेच होते.

मध्यंतरी जादूगारिणीने चव म्हणून दुसरे खेळ आणून पाहिले. ‘कॉल ऑफ कथुल्हू’ हा १९८१ चा भयखेळ शेठना मनापासून आवडला. समुद्रातून अक्राळविक्राळ दैवतं येतात, माणसं बघताबघता वेडी होतात, पण कौशल्यांच्या यादीत पहिल्याच ओळीत ‘अकाउंटिंग’ आहे. ‘वहीत सगळं सापडतं,’ असं म्हणत त्यांनी त्या कौशल्यावर होते तेवढे गुण ओतले. पिस्तूल चालवण्यासाठी काही उरलं नाही. दैवत आलं तेव्हा ते त्याच्या पंथाचा ताळेबंद तपासत बसले होते. ‘गर्प्स’वरून मात्र वादळ झालं. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या या खेळात गणित हे कौशल्य आहे आणि तेही कठीण वर्गातलं. इथवर शेठ खूश. पण त्याच्या चौथ्या आवृत्तीत पात्राने काही उणिवा पत्करल्या तर बदल्यात गुण मिळतात, आणि त्यात एक उणीव अशी की या माणसाला आकडेच कळत नाहीत. तिचे पाच गुण मिळतात.

‘मिळतात?’ शेठनी पुन्हा विचारलं.

‘मिळतात.’

‘आम्हाला मास्तर याचेच पाच द्यायचे. पट्टीने.’ त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या पाच गुणांच्या मोहाला अखेरपर्यंत हात लावला नाही, जरी त्यावाचून त्यांच्या योद्ध्याला घोडा मिळत नव्हता.

फाशाला स्मरण नसतं, असं ते पोरांना बजावून सांगतात. लागोपाठ तीन वेळा एक आला म्हणून फासा बदलणाऱ्या जादूगारिणीला त्यांनी आठ हजारांत एक ही शक्यता काढून दाखवली आणि चौथ्या वेळी पुन्हा विसात एकच, हे पटवलं. पण स्वतःच्या पिशवीत एक लाल कापडात बांधलेली वही आहे. तिच्यात प्रत्येक फाशाचं वेगळं खातं. हिरवा वीसवाला ‘उधारी बुडवणारा’ म्हणून त्यांनी बाद केलेला आहे आणि अमावस्येला ते चारवाला हातात धरत नाहीत.

सध्या डीएमच्या खुर्चीत पावकीशेठ बसतात. त्यांच्या राज्यात दहा तांब्यांची एक चांदी, दहा चांदीचं एक सोनं असला पुस्तकी बावळटपणा नाही. राजेरजवाड्यांच्या काळात दशमान नाणी कशी असतील, हा त्यांचा सवाल. त्यांनी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ धरली. ११५० सालचा ग्रंथ, आणि सुरुवातीलाच कोष्टक: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. प्रत्येकाला झेरॉक्स मिळाली. मोबाइल चपलांच्या रॅकवर.

पहिल्याच दिवशी आम्ही राजधानीच्या वेशीवर पोचलो आणि जकात नाक्यावर अडलो. नाक्याचा कारकून शेठच वठवत होते आणि इतका रंगलेला नट मी गडकरी रंगायतनलाही पाहिलेला नाही. माणशी तीन काकिणी. खंडू धरून आम्ही पाच, म्हणजे पंधरा. आमच्याजवळ एकच नाणं, सोन्याचा निष्क. कारकुनाने तो दाताने चावून पाहिला, गल्ल्यात टाकला.

‘द्रम्म संपलेत,’ कारकून म्हणाला. ‘पण संपलेत. काकिणीसुद्धा नाहीत. कवड्या देतो.’

निष्काच्या एक हजार चोवीस काकिणी, त्यातल्या पंधरा वजा, उरल्या एक हजार नऊ. त्यांच्या कवड्या वीस हजार एकशे ऐंशी. हे त्यांनी तोंडी केलं. मग टेबलाखालून चिंचोक्यांची एक गोणी ओढली, पिशवी नव्हे, गोणी, आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

दोनशेच्या आसपास घणसोलीकराने फासा उचलला. ‘मी कारकुनाला मारतो.’

वीस पडला. सणसणीत वीस.

शेठनी फाशाकडे पाहिलं. मग ढिगाकडे पाहिलं. ‘मेला कारकून,’ ते म्हणाले आणि गोणी आमच्याकडे सरकवली. ‘आता उरलेले तुम्हीच मोजून घ्या.’